इतवारीतल्या त्या काकांना, ज्यांनी बटण वेळेवर दाबलं

काका, नमस्कार.

तुमचं नाव टाकू का म्हणून विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "कायले? आधीच काम आवरत नाही." म्हणून नाव लिहीत नाही. इतवारीत जुने टेपरेकॉर्डर घेऊन फिरणाऱ्यांना तुम्ही बरोब्बर सापडता.

मी तीच, पिवळ्या पडलेल्या कॅसेटवाली. बाबांची होती. बाबांना जाऊन सात वर्षं झाली, आणि त्यांच्या कॅसेटी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत पडून होत्या. नागपूरचा मे महिना आणि पत्र्याची पेटी! डिंक वाळून आतलं, टेपला दाबून धरणारं फेल्ट गळून पडलेलं, रीळ एकमेकांना चिकटलेलं. तुमच्याकडे येण्याआधी बर्डीवर एकाला दाखवली. त्याने हातातसुद्धा न घेता सांगितलं, "भंगारात द्या, सगळं यूट्यूबवर आहे." दुसऱ्या एका स्टुडिओवाल्याने त्यातलीच एक कॅसेट तीन आठवडे ठेवून घेतली आणि पेन ड्राइव्ह दिला. गाणी चकाचक. मधलं बोलणं कुठे गेलं विचारलं, तर म्हणाला, "डिस्टर्बन्स होता, साफ केला." मूळ कॅसेट मात्र त्याला सापडेना. मी पैसे देऊन बाहेर आले आणि गाडीला किल्ली लावून नुसतीच उभी राहिले.

तुमच्याकडे आणलेल्या कॅसेटची गोष्ट तेव्हा तुम्हाला सांगितली नव्हती. 1984 साली बाबा सकाळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेडिओ सिलोनवरची जुनी गाणी भरायचे. आठ वाजायला दोन-चार मिनिटं राहिली की सैगल लागायचा. खरखर, आवाज वर-खाली, पण तेवढा वेळ घरात भांडं वाजवायची कुणाची हिंमत नव्हती. भरलेल्या कॅसेटवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून बाबा तिच्या मागच्या दोन्ही खिट्ट्या मोडून टाकायचे. मी सतरा वर्षांची झाले तोवर रहमान हिंदीत आला होता आणि आम्ही पोरी वेड्या झालो होतो. कोऱ्या कॅसेटला पैसे मागायची सोय नव्हती. मग मोडलेल्या खिट्टीवर चिकटपट्टी लावली आणि बाबांच्या गाण्यांवर माझी गाणी भरली. बाबांना कळलं. ते काही बोलले नाहीत, फक्त बाकीच्या कॅसेटी कपाटाच्या वरच्या कप्प्यात गेल्या.

रहमान मला आजही आवडतो, त्याचं वाईट वाटून घेणार नाही. पण तिशीत तलत आला, मग बेगम अख्तर. देशपांडे सभागृहात मी कितीतरी वर्षं नाटकं बघत आले, पण ते ज्यांच्या नावाने आहे त्या वसंतरावांचं गाणं नीट बसून ऐकायला मला चाळिशी उजाडावी लागली. सैगलपाशी सगळ्यात शेवटी पोचले, तेव्हा घरात दाद द्यायला कुणी नव्हतं.

तुम्ही बारक्या पेचकसाने कॅसेट उघडलीत, कुठल्याशा मेलेल्या कॅसेटचं फेल्ट काढून लावलंत, पेन्सिलीने रीळ गुंडाळलंत. दाताच्या डॉक्टरपेक्षा हलका हात. मग लावून बघितलीत. आधी माझा रहमान, आणि कडव्याच्या मध्येच खट्ट! तिथून सैगल, तोही ओळीच्या मध्येच. तुम्ही हसलात. "बाप-लेकीचं भांडण दिसते इथं." मीही हसले. तेवढ्यात गाण्यावर एक आवाज आला, "अगं, हळू..."

आणि तुम्ही टेप बंद केलात.

माझ्याकडे बघितलं नाहीत. कॅसेट काढलीत, शर्टाच्या टोकाने पुसलीत आणि म्हणालात, "हे घरचं आहे, ताई. घरी आयका."

काका, दुरुस्ती झाली नसती तरी एवढ्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिलं असतं. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, तुमचा पोऱ्या कान टवकारून बसला होता. काम बरोबर झालं का, हे बघायला आणखी मिनिटभर ऐकणं तुमचा हक्कच होता. दुसऱ्याच्या घरात डोकावायची आयती संधी आली की हल्ली लोक मोबाइल काढतात. तुम्ही मान वळवलीत. असं वागायला कुठे शिकवतात, मला माहीत नाही. माझ्या ऑफिसात तरी नाही.

घरी रात्री दार लावून ऐकली. बाबा म्हणतात, "अगं, हळू. सैगल सुरू आहे ना बाप्पा." आणि मागून एक चिरका आवाज येतो, सात वर्षांच्या माझा, "हा माणूस रडते काहून?" त्यावर बाबा हसतात. सैगल गातोय आणि बाबा हसू दाबताहेत, दाबलं जात नाही. आई आतून काहीतरी विचारते, तर आणखी हसतात. शेवटची ओळ त्या हसण्यात बुडून गेली आहे. स्टुडिओवाल्याच्या हाती लागतं तर तेही साफ झालं असतं.

तुम्ही दीडशे रुपये घेतलेत. जास्त देऊ लागले, तर रागावलात.

पेटीत अजून अकरा कॅसेटी आहेत. पाऊस पडला की घेऊन येते. सध्या तुमच्या गल्लीत दुपारी पाय ठेववत नाही, आणि संध्याकाळी तुम्ही सातलाच शटर ओढता.

तुमची,
पिवळ्या कॅसेटवाली ताई