बाल्कनीचं माप

ती. आई आणि बाबा,
सा. नमस्कार.

कर्वेनगर ते सहकारनगर अंतर ते किती, आणि तरी पत्र! हसू नका. फोन केला की बाबा ‘हं, आईशी बोल’ म्हणून फोन देऊन टाकतात, आणि मी आईशी बोलायला लागले की मागे टीव्हीचा आवाज वाढतो. दोन महिने हेच चाललंय. म्हणून हे निरंजनच्या हाती पाठवतेय, गोळ्यांच्या डब्याबरोबर. आधी गोळ्या खणांत भरा, मग वाचा.

मुख्य काय ते आधीच सांगते, म्हणजे आईला शेवटच्या पानावर उडी मारायला नको. धायरीचा फ्लॅट घेतला. शुक्रवारी नोंदणी झाली. कर्जाच्या अर्जातून बाबांचं नाव मी काढून घेतलं, आणि सहकारनगरचं घर तारण ठेवायचंही रद्द केलं. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण विचारलं असतं तर बाबा ‘नाही’ म्हणाले असते, आणि बाबा ‘नाही’ म्हणाले की मी अजूनही दहावीतली मनू होते. म्हणून नाही विचारलं.

बाबा, तो बँकेतला दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. त्या साहेबाने स्क्रीनकडे पाहिलं, मग स्क्रीन थोडा स्वतःकडे वळवला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, ‘वडिलांचा क्रेडिट स्कोअर कमी येतोय, नाव काढलं तर बरं.’ तुमच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. तुम्ही टेबलावर मांडलेली फाइल परत पिशवीत घातलीत आणि पिशवीचे बंद दोनदा बांधलेत. मी काय केलं? ‘बरं’ म्हणाले. रिक्षात स्वारगेटपर्यंत तुम्ही गप्प होतात, आणि मग एकच वाक्य, ‘आयुष्यात कुणाची उधारी ठेवली नाही.’ मी बाहेर बघत बसले. तेव्हाच रिक्षा मागे वळवायला हवी होती.

वळवली, पण आठ दिवसांनी. नवरात्रात मी तुमची एका कागदावर सही घेतली, आठवतं? पेन्शनचं काम म्हणाले होते. पेन्शनचं नव्हतं ते. कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट माहिती कंपन्यांचा 2005 चा कायदा आहे, त्याच्या 21व्या कलमाप्रमाणे बँकेने ज्या रिपोर्टवरून आपला अर्ज तोलला त्याची प्रत अर्जदाराला मागता येते आणि बँकेने ती ठरलेलं शुल्क घेऊन द्यायची असते. तो अर्ज होता. खोटं बोलले, माफ करा. (आणि तुम्ही न वाचता सही कशी केलीत? आम्हाला जन्मभर काय शिकवलंत?)

रिपोर्ट चौदा पानांचा निघाला. तेरा पानं स्वच्छ. तुमचा फ्रिजचा हप्तासुद्धा त्यात आहे, वेळेवर. नवव्या पानावर वसंतकाकांच्या टेम्पोचं कर्ज. तुमच्या नावापुढे ‘जामीनदार’, खाली महिन्यांच्या चौकटी, त्यात 30, 60, 90 असे आकडे, म्हणजे हप्ता तितके दिवस थकलेला. आणि शेवटी शेरा ‘सेटल्ड’. याचा अर्थ बँकेने थोडं पदरात घेतलं आणि बाकीचं सोडून दिलं. जामीनदाराच्या रिपोर्टातही मूळ कर्जदाराची थकबाकी चढते, हे मला तरी त्या दिवशीच कळलं.

पण सोडून कुठे दिलं होतं? आई, दिवाळीच्या साफसफाईत तू मला कपाटाचा खण पुसायला सांगितलास ना, तेव्हा ती लाल मखमली डबी उघडली मी. पाटल्या नव्हत्या. चार घड्या घातलेला दाखला होता, पूर्ण रक्कम मिळाल्याचा, खाली बँकेचा गोल शिक्का. आम्हाला तू इतकी वर्षं सांगत आलीस की नवीन घडणावळ करायची म्हणून सोनाराकडे दिल्यात. वसंतकाकांबद्दल मी काही विचारणार नाही. दादालाही सांगितलेलं नाही. डबी होती तशी ठेवली, फक्त दाखल्याचा मोबाइलवर फोटो काढून घेतला.

तो जोडून तक्रार केली. क्रेडिट कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती त्या बँकेला विचारते आणि बँकेने होकार दिला की दुरुस्त करते. सगळ्याला मिळून 30 दिवस. त्याहून उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई, रिझर्व्ह बँकेचा 2023 मधला नियम आहे. आपलं 26व्या दिवशी झालं, तेव्हा ती कमाई हुकली. आता तिथे ‘क्लोज्ड’ लिहिलंय, म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं. नवीन रिपोर्ट सोबत ठेवलाय, नववं पान वर केलंय. बाबा, तो फ्रेम करू नका, पण निदान कपाटात ठेवा.

मग तुम्ही म्हणाल, सगळं स्वच्छ झालं तर नाव का काढलंस? ऐका. तुमचं वय 71. तुम्ही सहअर्जदार असलात तर बँक कर्जाची मुदत कमी करा म्हणते, म्हणजे हप्ता वाढतो. शिवाय दोन स्टेंट घातलेल्या माणसाच्या मोबाइलवर दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा मेसेज वाजावा, हे मला नको होतं. आम्हाला झेपतंय. 60 लाखांचं कर्ज, वीस वर्षं, हप्ता 52 हजारांच्या आसपास. निरंजनचा पगार आणि माझा मिळून जमतंय, मी तीनदा मांडून पाहिलंय. तुमच्यासारखंच, पेन्सिलीने, कॅलेंडरच्या मागे.

घराच्या तारणाचं मात्र वेगळं आहे, आणि ते मला सावकाश सांगायचंय.

गौरींच्या दिवसांत बँकेचा तो व्हॅल्युअर घराची किंमत ठरवायला आला होता. आईने त्याला करंज्या दिल्या, त्याने लेझरच्या डबीने भिंती मोजल्या आणि गेला. त्याची फी आपण भरली, पण रिपोर्ट बँकेचा. मागितला तर म्हणाले, अंतर्गत कागद आहे. दादाने न्यू जर्सीत घर घेतलं तेव्हा तिथल्या बँकेने मूल्यांकनाची प्रत न मागता पाठवली होती. तिथे 2014 पासून नियमच आहे, व्यवहाराच्या निदान तीन कामकाजाचे दिवस आधी द्यायची, आणि कर्ज नाकारलं तरी द्यायची. (बाबा, आता लगेच ‘तिकडे सगळं नियमानं’ सुरू करू नका. स्कोअरपायी तिकडेही लोक रडतात.) मी दोनदा लेखी अर्ज केला. शेवटी मॅनेजरबाईंनी झेरॉक्स दिली, बहुधा मला टाळायला.

मी ते वाचायला नको होतं. इमारतीचं बांधकाम 1986, वय 39, उरलेलं आयुष्य 21 वर्षं. लिफ्ट नाही. जिना अरुंद. मग तीन किमती, बाजारभावाची, प्रत्यक्ष पदरात पडेल ती, आणि घाईने विकायची वेळ आली तर येईल ती. तुम्ही ज्याचे हप्ते ओव्हरटाइम करून फेडलेत, त्याची ‘घाईची किंमत’ कुणीतरी टाइप करून ठेवली होती. आणि खाली एक ओळ, ‘बंदिस्त बाल्कनी मंजूर नकाशात नाही, क्षेत्रफळात धरलेली नाही.’

बाबा, तुम्ही 1994 मध्ये तिला ग्रिल आणि काचा लावल्यात. दादा आतल्या खोलीत रेडिओ लावायचा म्हणून मला तिथे टेबल करून दिलंत. पावसात काचेच्या फटीतून पाणी यायचं, तुम्ही रात्री उठून तिथे जुनी पायजम्याची चिंधी कोंबायचात, आणि मला वाटायचं मी झोपलेय हे तुम्हाला खरं वाटतंय. ती बाल्कनी त्यांच्या हिशेबात शून्य. नियमाने त्याचं बरोबरच असेल, मी भांडत नाही. पण त्या रात्री ठरवलं की हे घर कुठल्याही बँकेच्या फाइलीत जायचं नाही. शिवाय सोसायटीत पुनर्विकासाची कुजबुज आहे, त्यात घरावर बोजा असला तर आणखी गुंता.

आता धायरी. आई, ‘जावयाच्या घरी राहायचं का’ हे तू म्हणायच्या आत सांगते, घर जावयाचं नाही. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर आहे. बाईच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, 78 लाखांवर 78 हजार वाचले. निरंजन फक्त कर्जात आहे. तेव्हा लेकीकडे या. लिफ्टला बॅटरी आहे, वीज गेली तरी चालते. तुमच्या बाथरूममध्ये दोन दांड्या बसवल्यात, एक कमोडजवळ, एक नळाजवळ. देवघर पूर्वेला. पाटा-वरवंटा येईल, त्यावर वाद नको. पेपर आणि दूध दोन्ही सांगून झालंय. तळजाईची टेकडी नाही मिळणार, हे मात्र खरं. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. रविवारी मी गाडीने नेईन.

सहकारनगरचं घर तुमचंच, किल्ली तुमच्या कमरेला. पटलं नाही तर परत जा. गुडघे मात्र आधी दाखवायचे.

आता नीट ऐका. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला दाखवल्याशिवाय कशावरही सही नाही. ‘स्कोअर वाढवून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवायचा, ओटीपी कुणालाही नाही, अगदी गोड बाई बोलली तरी नाही. रिपोर्ट चारही क्रेडिट कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मी काढत जाईन. यापुढे कुणाला जामीन नाही. बाबा, कुणालाही म्हणजे कुणालाही. माळ्यावर चढायचं नाही. आई, लोणचं कमी.

शनिवारी सुतार येणार आहे धायरीला. नव्या बाल्कनीत ते टेबल ठेवायचंय, आणि त्याला लांबी-रुंदी हवी आहे. बाबा, तुमच्या त्या पिवळ्या स्टीलच्या टेपने मोजून कागदावर लिहून ठेवा. लेझरवर माझा भरवसा नाही.

तुमची,
मनू