सर, तुमचं होडीचं गणित

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

मागच्या महिन्यात माझं कमर्शियल पायलट लायसन्स आलं. आधी आईला फोन केला, नंतर तुम्हाला लिहायला बसले. सगळ्यांना वाचता यावं म्हणून मुद्दाम असं उघड लिहितेय. अकरावीचा फॉर्म भरायला बसलेल्या एखाद्या घरातही ते पोचावं.

दहावीनंतर मी पीसीबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेतलं. ‘डॉक्टर व्हायचंय, मग गणित कशाला?’ असं घरात सगळे म्हणाले, मलाही पटलं. वैमानिक व्हायचं हे नक्की झालं बारावीच्या निकालानंतर, आणि तेव्हा समजलं की लायसन्ससाठी बारावीला फिजिक्स आणि गणित दोन्ही लागतात. पदवी नसली तरी चालते, पण हे दोन विषय हवेतच. आता परत अकरावीत बसायचं, असं धरून मी रडतच तुमच्या दारात आले होते. तुमच्या वर्गात मी एक दिवसही बसले नव्हते, सर.

तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलंत आणि म्हणालात, ‘एका विषयासाठी दोन वर्षं कशाला घालवतेस? एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शाळेतून, नुसतं गणित दे.’ बारावी झालेल्याला एकच विषय वेगळा देता येतो, परीक्षा वर्षातून दोनदा होते, हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. आणि लगेच दुसरं वाक्य, ‘पण आधी वैमानिकाची मेडिकल तपासणी.’ माझा चष्मा बघून मीच घाबरले होते. तुम्ही म्हणालात, चष्मा चालतो, पण काय ते डॉक्टरांना ठरवू दे, फीचे लाखो रुपये भरून झाल्यावर कळायला नको. आधी क्लास टू मेडिकल झालं, मग त्याहून कडक क्लास वन झालं, आणि त्यानंतरच बाबांनी कर्जासाठी बँकेत पाऊल टाकलं. बाबा आजही हे सगळ्यांना सांगतात.

मग रोज संध्याकाळी साडेसहा. व्हेक्टर, म्हणजे दिशा असलेल्या राशी, माझ्या डोक्यात शिरेनात. तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडलंत, मागे कृष्णेचे दोन काठ काढलेत आणि विचारलंत, ‘होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे धरलं, तर होडी घाटाला लागेल?’ नाही, वाहत खाली जाईल. ‘मग तोंड किती वर धरायचं?’ आणि होडीचा वेग, पाण्याचा वेग आणि खरी वाट यांचा त्रिकोण काढलात. त्या दिवशी मला पहिल्यांदा गणित दिसलं.

फ्लाइंग स्कूलमध्ये नेव्हिगेशनच्या, म्हणजे विमानाची वाट ठरवण्याच्या विषयाच्या, पहिल्याच आठवड्यात तोच त्रिकोण फळ्यावर आला. नदीच्या जागी वारा, होडीच्या जागी विमान. बाकीचे वहीत उतरवून घेत होते आणि मला उत्तर आधीच माहीत होतं. डीजीसीएच्या, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी खात्याच्या, पेपरांना 70 टक्के लागतात. नेव्हिगेशनमध्ये मला त्याची धास्ती वाटली नाही.

पुढे एकटीने क्रॉस-कंट्रीला, म्हणजे लांबच्या उड्डाणाला, गेले तेव्हा डावीकडून अगदी आडवा, 20 नॉटचा (तासाला 20 नॉटिकल मैल) वारा होता आणि माझ्या छोट्या सेसना विमानाचा वेग 100 नॉट. साठाला एक, म्हणजे 60 मैलांत 1 मैल बाजूला सरकलं तर 1 अंश, या आमच्या ठोकताळ्याने मनातच हिशोब केला: 100 ला 20, म्हणजे 60 ला 12, म्हणून 12 अंश. नाक तेवढं डावीकडे वळवलं. समोरच्या काचेतून भलतंच गाव दिसत होतं, आणि ज्या रस्त्यावरून जायचं होतं तो मात्र बरोबर पोटाखालून सरळ सरकत होता. कॉकपिटमध्ये मी मोठ्याने म्हणाले, ‘घाटाला लागली, सर!’

वर्षभर शिकवून तुम्ही एक रुपया घेतला नाहीत. बाबांनी पाकीट पुढे केलं तेव्हा म्हणालात, ‘लायसन्स आलं की पेढे आण.’

दिवाळीत कराडला येतेय. पेढे आणतेच, लॉगबुकही आणतेय. 200 तासांच्या नोंदी आहेत त्यात. 300 नॉटिकल मैलांच्या उड्डाणाची नोंद ज्या पानावर आहे, तिथे तुमचं कॅलेंडरचं पान घडी करून ठेवलंय.

काकूंना नमस्कार.

तुमची,
साडेसहाची विद्यार्थिनी