डाव्या डोळ्याची तारीख ठरली

छत्रपती संभाजीनगर
१५ डिसेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता जीव टांगणीला लागायला नको. माझ्या डाव्या डोळ्याच्या तिरळेपणाची शस्त्रक्रिया २२ जानेवारीला, गुरुवारी ठरली आहे. ५,००० रुपये आगाऊ भरले, ह्यांनी आठ दिवसांची रजाही टाकली. आई, तोवर पौष संपलेला असेल आणि त्या दिवशी गणेश जयंती आहे, तेव्हा दिवसावरून काही बोलू नकोस. फोनवर मुद्दामच सांगितलं नाही. फोनवर तू रडतेस, बाबा गप्प होतात आणि सांगायचं ते राहून जातं.

"इतकी वर्षं निभावलं, आता कशाला?" हे तुमच्या मनात येणारच. बाबा, हे दिसण्यासाठी नाही. दुपारचे तीन वाजले की डावा डोळा बाहेर सरकतो आणि अक्षरं दोन-दोन दिसायला लागतात. दिवसभर डोळ्यांच्या दवाखान्यात दुसऱ्यांच्या चष्म्याचे नंबर काढणाऱ्या बाईला हे परवडत नाही. रात्री स्कूटीवर तर समोरच्या एका दिव्याचे दोन होतात. लहानपणी मेंदू जोर लावून दोन्ही डोळे एका जागी धरून ठेवायचा; वय वाढतं तसा तो जोर कमी पडतो. व्यायाम चार महिने केले, चष्म्यात प्रिझम, म्हणजे प्रकाश वळवणारी काचही घालून पाहिली. एवढा मोठा तिरळेपणा त्यानं झाकला जात नाही, भिंग जड होतं.

आई, चैत्रात शेतावर जाताना मी उन्हात एक डोळा मिटायचे आणि तू पदर माझ्या डोक्यावर ओढून "दोन्ही उघड की गं" म्हणायचीस. तो चाळा नव्हता. ज्यांचा डोळा अधूनमधून बाहेर जातो, ती मुलं लख्ख उन्हात नेमकी तशीच एक डोळा मिटतात. पण तुमची चूक काहीही नाही. दोनदा परभणीला नेलंत, दोन्ही वेळा डॉक्टरांसमोर डोळा सरळच होता. आणि आजीनं "भाग्याचा डोळा आहे, हात लावू नका" म्हटल्यावर त्या घरात पुढं कोण बोलणार होतं?

आता काय करणार ते नीट सांगते, कारण तिकडं काहीबाही ऐकाल. डोळा बाहेर काढत नाहीत. लेझर नाही. बुबुळाला आणि पडद्याला हातही लागत नाही. प्रत्येक डोळा फिरवायला सहा स्नायू असतात, त्यातल्या माझ्या डाव्या डोळ्याच्या दोनच स्नायूंचं काम आहे. कानाकडचा स्नायू सोडवून ६ ते ७ मिलिमीटर मागं शिवतात, म्हणजे त्याची ओढ कमी होते. नाकाकडचा ५ मिलिमीटरच्या आसपास कापून आखूड करतात, म्हणजे त्याची ओढ वाढते. बैलगाडीच्या जुवाला एका बाजूचा दोर ढिला आणि दुसऱ्या बाजूचा ताणलेला असला की आपण काय करतो, तेच. बाबांना एवढ्यानं कळेल.

किती मिलिमीटर हे मापावरून ठरतं, म्हणून तीन वेळा मापं घेतली. शेवटच्या वेळी आधी तासभर डाव्या डोळ्यावर पट्टी लावून बसवलं. पट्टीमुळं मेंदूची ओढून धरायची सवय सुटते आणि खरा तिरळेपणा बाहेर येतो. तिरळेपणा प्रिझमच्या एककात मोजतात; लांबचं पाहताना ३० प्रिझम आला, जवळचं पाहताना २८. अंशात धरला तर सुमारे १७. तिन्ही मापं जुळली म्हणून तारीख दिली. जुळली नसती तर पुढं ढकलली असती. मापाची घाई करणाऱ्याकडं डोळा द्यायचा नाही, हे मी माझ्या खोलीत आलेल्या प्रत्येकाला सांगते. आमच्याकडं मोतीबिंदूचंच काम असतं, म्हणून दुसऱ्या दवाखान्यात, फक्त लहान मुलांचं आणि तिरळेपणाचं काम करणाऱ्या डॉक्टरांकडं गेले.

भूल पूर्ण घेणार आहे. आई, ह्याचीच तुला धास्ती, हे माहीत आहे. डोळ्याचा स्नायू ओढला की काहींची नाडी एकदम मंद होते. भूलतज्ज्ञाला ते ठाऊकच असतं; तो पूर्ण वेळ मॉनिटरवर नाडी बघतो, मंदावली की सर्जन हात थांबवतो, गरज पडली तर सुईनं औषध देतात. रक्त, साखर, ईसीजी सगळं ठीक आलंय. आदल्या रात्री दहानंतर खायचं नाही, घोटभर पाणी सकाळी सहापर्यंत चालतं, नऊला आत. कपाळावर डाव्या भुवईच्या वर पेनानं बाण काढतात, चुकून दुसऱ्या डोळ्याला हात लागू नये म्हणून. तासा-सव्वातासाचं काम. नंतर मळमळ होते, एखादी उलटीही होते, त्याला औषध असतं.

मी टाका सरकता ठेवून घेणार आहे. एका स्नायूची गाठ पक्की न मारता सरकफासासारखी ठेवतात. संध्याकाळी, पूर्ण शुद्धीवर असताना, डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून, चष्मा लावून, लांबच्या अक्षरांकडं पाहायला सांगतात. डोळा कमी-जास्त असला तर टाका थोडा ढिला करतात किंवा ओढतात, मगच पक्की गाठ. दुखत नाही, नुसती ओढ जाणवते. टाके विरघळणारे असतात, काढायला जायचं नसतं.

आता बाबांसाठी हिशेब. सर्जन आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) ३०,०००, भूलतज्ज्ञ ६,५००, तपासण्या २,२००, दिवसभराची खोली ३,०००, टाके आणि आतलं औषध ३,५००. झाले ४५,२००. नंतरचे ड्रॉप्स १,२०० आणि ५०० रुपयांप्रमाणं चार फेऱ्या. एकूण ४८,४००. सरकता टाका ह्यातच धरलाय, ते लिहून घेतलं. काही ठिकाणी आकडा एका स्नायूचा सांगतात आणि बिल दोन स्नायूंचं निघतं, भूल तर हमखास वेगळी लावतात, म्हणून सगळं कागदावर घेतलं. सहा महिन्यांत पुन्हा करावी लागली तर सर्जनची फी नाही, ओटी आणि भुलेचेच पैसे. त्यासाठी १५,००० बाजूला ठेवलेत.

सरकारीत फुकटात होईल, हे म्हणाल. होतं, आणि चांगलं होतं. पण मला मापं, शस्त्रक्रिया आणि पुढची तपासणी एकाच हाताखाली हवी होती आणि रजा मोजूनच मिळते. विम्याचं सांगते. विमा कंपनी तिरळेपणाला कधी सौंदर्याची शस्त्रक्रिया म्हणते, कधी जन्मजात बाह्य दोष म्हणून हात वर करते. म्हणून डॉक्टरांकडून "दुहेरी दिसतं, कामात अडथळा आहे" असं मापांसकट लिहून घेतलं. बिलात जीएसटी लावू नका, हेही सांगून ठेवलं. उपचाराला तो लागत नाही, निव्वळ सौंदर्यासाठी केलं तर लागतो, आणि तसं बिल पुढं दाव्याच्या आड येतं. दावा मिळाला तर मिळाला. पैसे भिशीचे आणि माझ्या आरडीचे आहेत. बाबा, ह्यासाठी सोयाबीन विकायला काढू नका. कोठीत आहे ते भाव येईपर्यंत राहू द्या. माझी शपथ आहे.

काय बिघडू शकतं, तेही लपवत नाही. साधारण पाचातल्या एखाद्याला पुढं कधीतरी दुसऱ्यांदा करावी लागते, कारण डोळा थोडा कमी किंवा जास्त वळतो, किंवा वर्षांनी पुन्हा सरकतो. जंतुसंसर्ग, टाक्यातून स्नायू निसटणं, हे फार क्वचित. चष्मा जाणार नाही, नंबर तोच राहील. आणि आई, हे नीट वाच: पहिले आठ-पंधरा दिवस डोळा उलट नाकाकडं किंचित झुकलेला दिसेल. तो मुद्दाम तसा ठेवतात, कारण बाहेर जाणारा डोळा हळूहळू पुन्हा बाहेर ओढ घेतो. तेव्हा मलाही दोन-दोन दिसेल. बघून "बिघडवला गं" म्हणू नकोस. खरी जागा सहा आठवड्यांनी कळते.

डोळा लालभडक होईल, पापणीत वाळू गेल्यासारखं टोचेल. लाली जायला तीन-चार आठवडे लागतात. ड्रॉप्सचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय: आधी दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला कमी. आठवडाभर डोक्यावरून अंघोळ नाही, कपाळावर बर्फाची नाही तर थंड पाण्याची घडी. ओवीची शाळा आणि डबा हे बघणार आहेत, शेजारच्या काकू भाकरी थापून देणार आहेत. वरण-भात, भाकरी, पालेभाजी, सगळं खायला मोकळीक आहे.

तुम्ही त्या दिवशी येऊ नका. रविवारी या, पहाटेच्या नाही, आठच्या एसटीनं. बाबा, बीपीची गोळी पिशवीत नाही, खिशात ठेवा. आई, मध, गुलाबपाणी, तूप, तुझ्या हातचं काजळ, डोळ्याजवळ यातलं काहीही आणायचं नाही. यंदा हुरड्याला मला धरू नका. आगटीचा धूर आणि रानातली धूळ महिनाभर वर्ज्य आहे. कणसं भाजून डब्यात आणलीत तर खाईन, सोबत शेंगदाण्याची चटणी. मावशीला सगळं झाल्यावर सांगा.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्याहून मोठी वाटते. दिवाळीत अंगणात फोटो काढताना दादाचा सोनू उन्हात डावा डोळा मिटत होता. तो पाच वर्षांचा आहे. तिरळेपणा घराण्यात उतरतो. त्या वयात एका डोळ्याची नजर मागं पडत असेल तर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून ती परत आणता येते. सात-आठ वर्षांनंतर ते अवघड होत जातं. डॉक्टरांसमोर डोळा सरळच दिसेल, म्हणून घरी, संध्याकाळी दमलेला असताना आणि सकाळी उन्हात, असे दोन-तीन व्हिडिओ काढून ठेवायला वहिनीला सांगा. रविवारी येताना त्याला सोबत आणा. सोमवारी सकाळी साडेदहाची त्याच्या नावानं वेळ घेतली आहे. डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब टाकतील, नंतर बराच वेळ धूसर दिसेल, त्याची टोपी विसरू नका.

तुमची,
माई