ब्लॉबफिशचे खरे रूप

संपादक महोदय,

रविवारच्या बालपुरवणीत ब्लॉबफिशची ओळख ‘जगातील सर्वांत कुरूप मासा’ अशी करून दिली आहे, त्यावर आक्षेप नोंदवावासा वाटतो. सोबत छापलेला लोंबत्या नाकाचा, गुलाबी, लिबलिबीत गोळा हे त्या माशाचे खरे रूप नव्हेच.

ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडजवळच्या समुद्रात हा मासा साधारण ६०० ते १२०० मीटर खोलीवर, तळालगत राहतो. तिथे पाण्याचा दाब पृष्ठभागावरच्या हवेच्या दाबापेक्षा साठ ते एकशेवीस पट अधिक असतो. अशा दाबात इतर माशांसारखी तरंगण्यासाठीची हवेची पिशवी कामाची नाही. म्हणून याचे अंगच जेलीसारखे, पाण्यापेक्षा किंचित हलके असते आणि भोवतालचा दाबच त्याला आकार देतो. मोठे डोके, शेपटीकडे निमुळते होत गेलेले शरीर, असा तो तिथे चारचौघा माशांसारखाच दिसतो. फारशी धावपळ न करता समोर येणारे खेकडे, गोगलगायी खातो. तळ खरवडणाऱ्या ट्रॉल जाळ्यात सापडून वर आला, की दाब सुटतो आणि शरीर ढासळते. ते गाजलेले छायाचित्रही २००३ मधील एका सागरी मोहिमेत वर काढलेल्या माशाचे आहे.

वर्सोव्याला वाळत टांगलेला बोंबील पाहून ताज्या बोंबलाचे रूप कोणी सांगेल का? मुलांचे कुतूहल फार मोलाचे असते. पुढच्या अंकात या माशाचे खोल पाण्यातले चित्रही छापावे, ही विनंती.

– एक वाचक, अंधेरी, मुंबई