सर, ती सुतळी अजून माझ्याकडे आहे

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

परवा अमळनेरच्या आमच्या बास्केटबॉलच्या मैदानावर तीन गुणांची रेघ नव्याने आखायला घेतली आणि तुमची सुतळी बाहेर काढली. तिला दोन गाठी आहेत, एक सव्वासहा मीटरवर, दुसरी पावणेसातवर. २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय नियमाने ती रेघ अर्धा मीटर मागे सरकली. आम्हा भुसावळच्या पोरींना त्याचा पत्ताही नव्हता. तुम्ही रिंगच्या बरोबर खाली एका मुलीला सुतळीचं टोक धरून बसवलंत आणि स्वतः फक्कीने नवी कमान काढलीत. टोक धरून बसलेली ती मुलगी मी. आभार मानायचे तेव्हापासून राहूनच गेले, म्हणून आज सगळ्यांसमोर मानते.

तुम्ही कायम पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून खेळ चालवणारे, संघ मात्र कधी एक नव्हता. मुंबई, नागपूर, इंदूर... कुठे कोणाचा गार्ड जखमी झाला की तुम्हाला बोलावणं. हंगाम संपला की बॅग भरायची. खेळाडू कोट्यातली कायमची नोकरी दोनदा हाताशी येऊन गेली. त्याबद्दल तुम्ही कधी कडवट बोलला नाहीत, पण मला अजून वाईट वाटतं. "नव्या संघात पहिल्या दिवशी मी एकच बघायचो, कोणाला चेंडू कुठे हवा असतो. छातीशी, कमरेशी, की पळता पळता पुढ्यात," असं तुम्ही सांगायचात. एकाच संघात वर्षानुवर्षं खेळणाऱ्याला हे सवयीने कळतं, तुम्हाला दर वेळी दोन दिवसांत शिकावं लागलं. म्हणूनच आम्हा बारा जणींना तुम्ही इतक्या लवकर ओळखलंत, असं मला वाटतं.

तुम्ही खेळायला लागलात तेव्हा आक्रमणाला ३० सेकंद मिळत. २००० साली त्यांचे २४ झाले, आणि चेंडू अर्ध्या मैदानापलीकडे न्यायला १० ऐवजी ८. "पाय तेच राहिले, घड्याळ बदललं," म्हणायचात. आमच्याकडे घड्याळच नव्हतं, तर रेघेबाहेर उभे राहून तुम्ही स्वतः मोठ्याने आकडे मोजायचात. मे महिन्यात सकाळी साडेपाचला सराव, कारण आठनंतर सिमेंटवर पाय ठेववत नसे.

बाबांचं तर काय सांगू. ते पाठवायला तयारच नव्हते. तुम्ही संध्याकाळी घरी आलात, आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्लात, आणि बास्केटबॉलचं नावही काढलं नाहीत. केळीच्या भावावर तासभर बोललात. निघताना उंबऱ्यात म्हणालात, "पोरीला मी स्वतः घरी आणून सोडीन." दोन वर्षं रोज सोडलंत.

आणि नाशिकची ती विभागीय स्पर्धा. शेवटच्या मिनिटात माझ्या हातून सलग दोनदा चेंडू गेला. आता बाहेर काढणार म्हणून मी बाकाकडे बघितलं. तुम्ही टाइमआउट घेतलात आणि सगळ्यांसमोर एवढंच म्हणालात, "चेंडू हीच आणेल." मी आणला. आम्ही तीन गुणांनी हरलो. परतीच्या गाडीत तुम्ही वर्तमानपत्रावर पाच शेंगदाणे आणि पाच फुटाणे मांडून मला दाखवलंत की दुसऱ्या वेळी डावी बाजू मोकळी होती. रागाचा एक शब्द नाही. जळगाव येईपर्यंत आम्ही ते सगळे खाऊनही टाकले.

सर, आता माझ्याकडे सव्वीस मुलं-मुली आहेत. त्यात एक डावखुरी आहे, हात फार गोड, पण ड्रिबल करताना मान खालीच. तुम्ही आमच्यासमोर उभे राहून बोटं दाखवायचात आणि चेंडूकडे न बघता आकडा सांगायला लावायचात, तेच मी करते. पण माझी बोटं ती चोरून बघते आणि पुन्हा खाली बघते. एखाद्या रविवारी सकाळच्या गाडीने याल का? स्टेशनवर मी घ्यायला येते. तिच्यासमोर उभे राहा आणि तुमच्या त्या वाकड्या करंगळीसकट बोटं दाखवा.

तुमची,
सुतळीचं टोक धरणारी