दोन फुटी टाकीत कोणते समुद्री मासे एकत्र नांदतील?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘दिवाणखान्यातला समुद्र’ या विषयावर आपण जो लेख छापला, त्यानंतर मला बरेच फोन आले. नोकरीत असताना मी बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायची, आणि निवृत्तीनंतर घरी खाऱ्या पाण्याची टाकी सांभाळते. त्यामुळे दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत ओळखीतले लोक समुद्री मासे घेण्याआधी, आणि पुष्कळदा घेऊन झाल्यावर, मला विचारतात. लेखाशेजारच्या चित्रात दोन फुटी टाकीत निळा सर्जनफिश, लायनफिश, मँडरिन आणि क्लाउनफिशची जोडी एकत्र दाखवली आहे. हे चार प्रकारचे मासे त्या टाकीत एकत्र जगू शकत नाहीत. ते चित्र पाहून कोणी खरेदीला निघू नये, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आधी टाकीचे माप पाहू. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच म्हणजे अडीच घनफूट. त्यात सुमारे ७० लिटर पाणी मावते. खडक आणि वाळू घातल्यावर उरते ५५ ते ६०. एवढ्या पाण्यात पूर्ण वाढ होऊनही साडेतीन-चार इंचांच्या आत राहणारे तीन मासे ठेवावेत, फार तर चार. दुकानात काचेमागे जो मासा दीड-दोन इंचांचा दिसतो, ते त्याचे पिल्लू असते. निळ्या सर्जनफिशची पूर्ण लांबी जवळजवळ एक फूट भरते. दिवसभर मोकळ्या पाण्यात पोहणारा हा मासा दोन फुटी टाकीत धड वळू शकत नाही. शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना त्याला धारदार काटा असतो, आणि कोंडलेला मासा तो शेजाऱ्यावर चालवतो. ‘मोठा झाला की बदलू’ असे दुकानदार सांगतात. पण मोठा झालेला समुद्री मासा परत घेणारे दुकान मला आजवर भेटलेले नाही.

लायनफिशचे काटे विषारी असतात, हे आपल्या लेखात आले आहे. तो काय खातो, हे मात्र आलेले नाही. तोंडात मावेल तो मासा आणि कोळंबी हेच त्याचे खाणे. क्लाउनफिशची पिल्ले त्याच्यासोबत सोडली तर ती एकेक करून नाहीशी होतात.

मँडरिनबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटते. निळ्या-नारिंगी नक्षीचा, कोणाच्या वाटेला न जाणारा हा मासा आहे. दिवसभर तो खडकावरून फिरत डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे बारीक जलजीव टिपत असतो. बाजारातले कोरडे खाद्य बहुतेक मँडरिन तोंडात घेत नाहीत. नव्या, लहान टाकीतले कोपेपॉड तो थोड्याच काळात संपवतो आणि मग हळूहळू उपाशी मरतो. पोट खपाटीला गेलेले दिसते, पण बाकी मासे मजेत असतात, म्हणून घरच्यांना कारण कळत नाही. पाणी तपासा म्हणून मला बोलावतात, आणि पाणी अगदी चांगले निघते.

आता डॅमसेल. लेखात ‘नवशिक्यांसाठी स्वस्त आणि टिकाऊ’ म्हणून त्यांची शिफारस आहे. स्वस्त आहेत, टिकाऊही आहेत. पण निळा किंवा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा डॅमसेल एकदा खडकातली जागा धरून बसला की नंतर आलेल्या माशाला तिथे थारा देत नाही. पर फाटतात, घाबरलेला मासा कोपऱ्यात बसून राहतो, खात नाही. माझ्या नणंदेच्या शेजाऱ्यांनी टाकी चालू करण्यासाठी पाच डॅमसेल आणले. त्यांतला एकच उरला, आणि त्याला बाहेर काढायला सगळा खडक उपसावा लागला, कारण जाळी पाहताच तो फटीत शिरायचा. नवी टाकी तयार करायला मासा लागतच नाही. चिमूटभर माशांचे खाद्य किंवा थोडा अमोनिया घालून वाट पाहावी. जिवाणू वाढतात, अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट होते. याला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मग मासे आणावेत.

एवढे नकार ऐकल्यावर लोक विचारतात, ‘मग काकू, ठेवायचे तरी काय?’

माझे पहिले उत्तर ऑसेलारिस क्लाउनफिशची जोडी. सगळे क्लाउनफिश जन्मतः नर असतात. एकत्र राहणाऱ्यांतला सर्वांत दांडगा मासा पुढे मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो. म्हणून दुकानात नर-मादी शोधत बसू नये. एक थोडा मोठा आणि एक लहान अशी दोन पिल्ले घ्यावीत, म्हणजे दोघांतले भांडण लवकर मिटते. तीन घेऊ नयेत, आणि दुसऱ्या जातीचा क्लाउनफिशही सोबत सोडू नये. विशेषतः ‘मरून’ (गर्द तांबड्या) क्लाउन तर नकोच, तो फार मारकुटा असतो. समुद्रात हे मासे ॲनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री जीवाच्या आश्रयाने राहतात, पण टाकीत त्यांना ॲनिमोनीची गरज नसते. ॲनिमोनीला प्रखर प्रकाश आणि जुने, स्थिरावलेले पाणी लागते. ती जागा सोडून सरकते, वाटेतल्या प्रवाळांना डंख मारते, कधी वेव्ह मेकरमध्ये, म्हणजे पाणी ढवळणाऱ्या पंख्यात, अडकून चिंधड्या होते आणि सगळे पाणी नासवते. क्लाउनफिश शक्यतो टाकीत पैदास झालेलेच मागावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विळिंजम आणि मंडपम इथल्या केंद्रांत त्यांची पैदास यशस्वी केली आहे, तेव्हा आपल्या देशात हे काम नवे नाही. अशी पिल्ले कोरडे खाद्य लगेच खातात आणि सहसा निरोगीही असतात.

तिसरा मासा म्हणून मी वॉचमन गोबी सुचवते, आणि त्याच्यासोबत पिस्टल कोळंबी. या दोघांचा संसार पाहायला माझ्याकडे येणारी मुले टाकीसमोरून हलत नाहीत. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती वाळूत सतत बीळ खणत असते. गोबीला चांगले दिसते, पण बीळ खणता येत नाही. तो दाराशी पहारा देतो, कोळंबी बाहेर आली की तिची एक मिशी त्याच्या अंगाला टेकलेली असते. काही धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि कोळंबी आत पळते. त्यांना दोन-तीन इंच वाळू द्यावी, तीत बारीक शिंपल्यांचे तुकडे मिसळावेत, नाहीतर बीळ ढासळते. आणि एक गोष्ट टाकी उभी करण्यापूर्वीच लक्षात ठेवायची. खडक आधी थेट तळाच्या काचेवर बसवायचा आणि वाळू नंतर भरायची. वाळूवर ठेवलेला खडक कोळंबीने खालून पोखरला की कोसळतो, मासे चिरडतात, काचही तडकू शकते. रात्री टाकीतून ‘टक्’ असा मोठा आवाज आला तर घाबरू नये. कोळंबीने नांगी मिटल्याचा तो आवाज असतो.

चौथा मासा हवाच असेल तर फायरफिश, रॉयल ग्रामा किंवा बांगाई कार्डिनल यांपैकी एकच. फायरफिश भित्रा असतो आणि दचकला की उडी मारतो, म्हणून टाकीवर बारीक जाळी हवीच. रॉयल ग्रामा आपली कपार सांभाळून असतो, त्याच्यासारख्याच जांभळ्या-पिवळ्या डॉटीबॅकला मात्र तो सहन करत नाही. एकाच आकाराचे किंवा एकाच रंगाचे दोन मासे छोट्या टाकीत सहसा भांडतात, हा नियम इतरांनाही लावावा. बांगाई कार्डिनल मूळचा फक्त इंडोनेशियातल्या बांगाई बेटांजवळचा. पकडून पकडून तिथे त्याची संख्या इतकी घटली की तो आता धोक्यात आलेल्या जातींत गणला जातो. टाकीत वाढवलेला मिळाला तरच घ्यावा. यातला नर अंडी तोंडात धरून उबवतो आणि तेवढे दिवस काही खात नाही. बटरफ्लाय आणि एंजल जातीचे मासे प्रवाळांच्या (रीफ) टाकीत नकोतच, त्यांतले पुष्कळसे प्रवाळांचे पॉलिप टोचून खातात.

मासे कोणत्या क्रमाने सोडता, यावरही पुष्कळ अवलंबून असते. भित्रा मासा आधी, दांडगा शेवटी. आमच्या वाड्यातल्या जुन्या भाडेकरूंप्रमाणे आधी आलेला मासा सगळी टाकी आपली समजतो. म्हणून आधी गोबी आणि फायरफिश, मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत, आणि क्लाउनची जोडी सगळ्यांच्या मागून. दुकानदाराला आपल्यासमोर खाद्य टाकायला सांगावे. खात नसलेला मासा कितीही सुंदर असला तरी घेऊ नये. घरी आणल्यावर किमान चार आठवडे वेगळ्या, खडक-वाळू नसलेल्या साध्या टाकीत ठेवावा. समुद्री व्हाइट स्पॉट या पांढऱ्या ठिपक्यांच्या आजारावरचे तांब्याचे औषध कोळंबी आणि प्रवाळांना मारते, ते मुख्य टाकीत घालताच येत नाही. आजार एकदा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे काढून टाकी रिकामी ठेवावी लागते.

मासे कमी ठेवा असा माझा आग्रह बडोद्यात तर आणखीच आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि या माशांना पाणी २५-२६ अंशांचे लागते. पाणी तापले की त्यातला प्राणवायू घटतो, तेव्हाच वीज गेली की दाटीवाटीच्या टाकीतले मासे आधी गुदमरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुरात अनेक वस्त्यांची वीज गेली होती, तेव्हा आमच्या परिचयातल्या एका घरी दहा-बारा माशांची भरलेली टाकी गेली. दुसऱ्या घरी तीन मासे होते. बॅटरीवरच्या हवेच्या पंपाने त्यांना तारले. तो पंप फार महाग नाही, समुद्री टाकी असलेल्या प्रत्येक घरात तो असावा. कोणी सांगते, कावी-कंबोईला दर्शनाला जाल तेव्हा समुद्राचे पाणी कॅन भरून आणा. खंभातच्या आखातातले ते पाणी नद्यांच्या गाळाचे, त्यातली क्षारता भरती-ओहोटीप्रमाणे बदलती. आरओच्या शुद्ध पाण्यात पाकिटातले समुद्री मीठ लिटरला सुमारे ३५ ग्रॅम घालावे आणि विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की थांबावे. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई मात्र साध्या आरओच्या पाण्यानेच करायची, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

प्रवाळांविषयी लेखात अवाक्षर नव्हते, म्हणून तेही लिहिते. जामनगरजवळच्या नराऱ्याला ओहोटीच्या वेळी मी नातवाला घेऊन गेले होते. कच्छच्या आखातातले हे सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालचे, देशातले पहिले. घोट्याएवढ्या पाण्यात जिवंत प्रवाळ पाहिल्यावर ते उपटून कोणाच्या दिवाणखान्यात यावे, हा विचारच सहन होत नाही. आपल्या समुद्रातली दगडी प्रवाळे, काळी प्रवाळे, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. ‘लाइव्ह रॉक’ (जिवंत खडक) म्हणून विकला जाणारा तुकडा आपल्या किनाऱ्यावरचा असेल तर तो बहुधा प्रवाळाचाच असतो. माझ्या टाकीतला खडक कृत्रिम आहे आणि त्यावर दुसऱ्या छंदिष्टाने स्वतःच्या टाकीत वाढवून दिलेली मशरूम आणि झोआंथिड या प्रकारची प्रवाळे आहेत. ते हाताळताना हातमोजे घालावेत आणि तो खडक कधीही उकळू नये, झोआंथिडांतले विष वाफेतूनही माणसाला बाधते.

माझी मागणी साधी आहे. दुकानात प्रत्येक माशाखाली किमतीबरोबर तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: पूर्ण वाढीची लांबी, किमान किती लिटरची टाकी लागते, आणि तो पकडलेला आहे की पैदास केलेला. केंद्र सरकारने २०१७ साली मत्स्यालयांच्या दुकानांसाठी नियम काढले होते आणि त्याच वर्षी मागे घेतले. नवे नियम येईपर्यंत गिऱ्हाइकांनी हे विचारायला सुरुवात केली तरी दुकानदारांना पाट्या लावाव्या लागतील. आपण पुढच्या रविवारच्या पुरवणीत त्या चित्राखालची माहिती दुरुस्त करून, दोन फुटी टाकीत चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या माशांची एक चौकट छापावी, ही विनंती. मजकूर मी लिहून द्यायला तयार आहे. नवरात्र संपून दिवाळीची खरेदी सुरू होण्याआधी ती चौकट आली तर फार बरे होईल.

आपली,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे