दाखला मागच्या मार्चचा

मा. परराष्ट्र व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मी सांगलीचा. घरात पिढीजात हळदीची अडत, पोटापाण्याला कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. भारताने छोट्या देशांना कर्ज देताना त्यांचं नुसतं दरडोई उत्पन्न न बघता आपत्तीत ते किती कोलमडतील तेही बघावं, एवढं सांगायला हे पत्र. छोट्या देशांच्या कर्जाशी या मास्तराचा काय संबंध, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेलही. संबंध पेवांचा आहे.

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळद जमिनीतल्या पेवांत साठवायची रीत. तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. उघडल्यावर काही तास तसंच ठेवायचं, मगच कुणी आत उतरायचं. २००५च्या महापुरात पाणी त्या पेवांत शिरलं. ओसरल्यावर वडिलांनी आमचं पेव उघडलं, तर कुबट भपकारा आला आणि दोरीला बांधलेल्या बादलीतून पिवळा चिखल वर आला. त्या वर्षीच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आम्ही सुखवस्तूच होतो. दाखला मागच्या मार्चचा होता.

छोट्या देशांचंही असंच होतं. २० डिसेंबर २००४ला संयुक्त राष्ट्रांच्या सर्वसाधारण सभेने मालदीवला सर्वांत कमी विकसित देशांच्या, म्हणजे मदतीत आणि व्यापारात सवलती मिळणाऱ्या देशांच्या, यादीतून काढायचा ठराव केला. सहाव्या दिवशी त्सुनामी आली. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के नुकसान झालं, आणि यादीतून नाव निघायला २०११ उजाडलं. पर्यटन आणि मासे, दोनच पेवं, दोन्ही समुद्राकाठी. (लहान म्हणजे गरीब, असं मी म्हणत नाही. सिंगापूरही लहानच आहे.)

डिसेंबर २०१४मध्ये मालदीवच्या राजधानीत, मालेत, खारं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ कोरडे पडले. आपण विमानाने पाणी पोहोचवलं. त्यानंतर सोळा महिन्यांनी आमच्या मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. वर्गातली काही मुलं घेऊन मी ती बघायला गेलो होतो. एकाने विचारलं, "सर, लातूर गरीब आहे का?" मी म्हटलं, नाही रे, डाळींची केवढी मोठी पेठ आहे ती. "मग?" या 'मग'ला दरडोई उत्पन्नाच्या तक्त्यात रकाना नाही.

ऑगस्ट २०२४मध्ये सर्वसाधारण सभेने तसा रकाना दिला आहे: बहुआयामी असुरक्षितता निर्देशांक. निर्यात किती मोजक्या मालावर, अन्न आणि इंधन किती बाहेरून, आपत्तींचा फटका किती जणांना, आणि सावरायला घरात काय, हे तो बघतो. मात्र तो वापरायची सक्ती कुणावर नाही. शिवाय तोही शेवटी अख्ख्या देशाचा एकच आकडा. सांगली जिल्हा लोकसंख्येने मालदीवच्या पाचपट. इथे एकच आकडा काढला तर वाळव्याचा ऊस आणि जतचा टँकर एकाच ओळीत बसतात. राजधानी माले आणि दूरचं एखादं बेट यांचंही तसंच होणार. तरी नुसत्या दरडोई उत्पन्नापेक्षा हे माप बरं.

आपत्तीतही तग धरणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी २०१९मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय आघाडी उभी केली, २०२१मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत बेटांसाठी वेगळा उपक्रम काढला. मग एक्झिम बँकेमार्फत (सरकारची निर्यात-आयात बँक) या छोट्या देशांना कर्जसाहाय्य देताना प्रत्येक प्रस्तावाला या निर्देशांकाचा कागद जोडावा आणि तो लोकांना बघायला ठेवावा. दुसरं, करारातच कलम असावं की मोठी आपत्ती आली तर हप्ते आपोआप पुढे जातील. कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या बेट-देशाने २०१५च्या कर्ज-पुनर्रचनेत असं कलम घालून घेतलं आणि २०२४च्या बेरिल वादळानंतर ते कामी आलं.

अडतीत ही रीत जुनीच. पुराच्या वर्षी वडील शेतकऱ्याची उचल पुढच्या हंगामावर ढकलायचे. व्याज मात्र विसरायचे नाहीत, अडतेच शेवटी! आमच्या जुन्या खतावणीत अशा नावांपुढे तांबड्या शाईत एकच शब्द आहे: पूर.

आपला,
हळदपेठेतला एक मास्तर, सांगली